यू म्हणजे तुम्ही

"वाफकाका, आता तुमची ओळ. आणि नुसती वाचायची नाही, गायची," बाई म्हणाल्या.

कँटीनच्या लांब टेबलाभोवती बसलेल्या सहा नर्सनी एकदम माना वळवल्या. वाफकाकांनी चष्मा पुसून परत लावला. कागद जवळ धरून बघितला, मग लांब धरून बघितला.

"मी गायला लागलो तर कँटीन रिकामं होईल, बाई."

"होऊ दे. आपल्याला पाय पसरून बसता येईल."

सुटका नव्हती. त्यांनी घसा खाकरला आणि ओळ म्हटली. "डोन्ट यू वॉक मी टू द स्टेशन, आय विल ब्रेक डाउन ॲट द गेट." गाण्यात चाल सोडून बाकी सगळं होतं. वॉर्डात कुणी औषधांची यादी वाचून दाखवावी तसं ते गाणं झालं. दोन नर्सनी टेबलाखाली तोंड घातलं.

"आता अर्थ सांगा."

"मला स्टेशनपर्यंत सोडायला येऊ नकोस. मी गेटपाशीच..." वाफकाका अडले. "बाई, ब्रेकडाऊन म्हणजे मशीन बंद पडणं. आमच्या रजिस्टरात त्याचा रकानाच आहे. आता ही गाणारी गेटपाशी बंद कशी पडेल?"

"मोटारीनं गेली असेल, काका," उंच नर्स म्हणाली आणि टेबल हसून हसून बेजार झालं.

बाई हसल्या नाहीत. आयुष्यभर इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर बसलेल्या त्या. समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायची सवय अजून गेली नव्हती. "माणूससुद्धा बंद पडतं," त्या म्हणाल्या. "धरून ठेवलेलं सुटतं, रडू आवरत नाही, त्याला ब्रेकडाऊन म्हणतात. आणि एवढंच नाही. चिडलेल्या माणसानं मन मोकळं केलं की म्हणतात, लेट ऑफ स्टीम. काम करून करून पार संपून गेला की बर्न्ट आउट. डोक्यावर ओझं असलं की अंडर प्रेशर."

वाफकाका तोंडाकडे बघत राहिले. "म्हणजे निम्मं इंग्रजी मला येतच होतं?"

"येत होतं. फक्त आजवर तुम्ही ते बॉयलरशी बोलत होता."

इस्पितळाच्या मागच्या अंगाला बॉयलर होता. त्याची वाफ लॉन्ड्रीला जायची, ऑपरेशनची हत्यारं उकळायला जायची, स्वयंपाकघरात जायची. तो सांभाळायला तीन पाळ्यांची तीन माणसं होती आणि त्यांतले सगळ्यात जुने हे. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. सगळं इस्पितळ त्यांना वाफकाका म्हणायचं.

उन्हाळ्यात इस्पितळ एका परदेशी कंपनीनं चालवायला घेतलं. नोटीस लागली. बॉयलरच्या नोंदी यापुढे इंग्रजीत होणार, अडचण आली तर फोन परदेशात लावायचा आणि तिकडच्या इंजिनिअरशी इंग्रजीतच बोलायचं. एका पाळीत बॉयलरवर लक्ष ठेवायला यंत्र बसणार होतं, म्हणून तिघांतले दोघंच राहणार. तोंडी परीक्षा घेऊन ठरवणार. जो राहणार नाही, त्यानं क्वार्टर महिन्याभरात सोडायची.

नोकरी गेल्याचं वाफकाकांना एवढं काही वाटलं नसतं. वय अठ्ठावन्न झालं होतं. पण ती क्वार्टर. लॉन्ड्रीच्या भिंतीला चिकटून दोन खोल्या. सव्वीस वर्षं ते आणि बायको तिथं राहिले. सात महिन्यांपूर्वी ती गेली. आंघोळीला जाताना वाफकाका अजूनही तिच्या खाटेच्या जागेला वळसा घालून जायचे. खाट कधीच उचलून नेली होती.

"बाबा, त्या दोन खोल्यांत आता आहे काय?" मुलगी फोनवर विचारायची. "तुमची खोली तयार ठेवलीय मी."

"सामान आहे."

"सामान टेम्पोत घालून आणता येतं."

"हो, येतं," म्हणून ते फोन ठेवायचे. तो वळसा टेम्पोत कसा घालायचा, हे पोरीला कसं विचारणार?

म्हणून ते बाईंच्या वर्गात आले. बाई निवृत्त झाल्यावर परदेशी जायचं असलेल्या नर्सना शिकवायच्या. त्यांची पद्धत एकच, गाणी. "व्याकरण उद्या विसराल," त्या म्हणायच्या, "पण गाणं डोक्यातून काढून टाकायचं म्हटलं तरी जायचं नाही." फोनवर गाणं लावायच्या, एकेक ओळ थांबवून कागदावर उतरवून घ्यायच्या, मग म्हणायला लावायच्या. पहिल्या दिवशी वाफकाका दारात उभे राहिले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्हाला कुठं जायचंय?"

"कुठंच नाही, बाई. इथंच राहायचंय."

बाईंनी शेजारची खुर्ची ओढली. मग म्हणाल्या, "बसा. या सगळ्या जायला शिकतायत. एक जण राहायला शिकेल."

ते जिवाचं रान करून शिकले. बॉयलरच्या धडधडीत गाणी म्हणायचे, म्हणजे कुणाला ऐकू जायचं नाही. पण सकाळपाळीवाल्यानं एकदा ऐकलंच.

"काय रे, या वयात 'बेबी बेबी' करत कुणाला हाका मारतोस?"

"फीड पंपाला. तुझं तर तोही ऐकत नाही."

सकाळपाळीवाला हसला, पण लगेच त्याचा चेहरा उतरला. त्याच्या घरी शिकणारी दोन मुलं होती. तिसऱ्या पाळीवाला बारावी झालेला होता, त्याला भीती नव्हती. म्हणजे राहायचं की जायचं, हे या दोघांतच ठरणार होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी जपून बोलायला लागले.

शब्द डोक्यात राहायचे नाहीत. सकाळी पाठ केलेलं दुपारी पुसलेलं असायचं. एकदा तर वाफकाकांनी कपाळावर मूठ मारून घेतली. बाई म्हणाल्या, "डोकं फोडून शब्द आत जात नाहीत. गा."

एका गाण्यात नवरदेव ऐन लग्नाच्या दारातून पळून जातो. "ही गॉट कोल्ड फीट ॲट द डोअर," बाईंनी म्हणून दाखवलं. "अर्थ?"

"त्याचे पाय गार पडले," बुटकी नर्स म्हणाली.

"अगं मग गेलाच तो!"

"ऐन लग्नात? आधी नाडी बघ त्याची!"

"नवरीला बाहेर बसवा, नातेवाइकांना गर्दी करू देऊ नका!"

बाईंनाही हसू फुटलं. "मेला नाही गं तो. घाबरला. ऐन वेळी कच खाल्ली, त्याला म्हणतात कोल्ड फीट."

वाफकाका तेवढे हसले नाहीत. बायको गेली त्या दिवशी वॉर्डात दुपारी तीनपासून ते तिचे पाय चोळत बसले होते. बॉयलरवरून गरम पाणी आणून रबरी पिशवी भरली, टॉवेलात गुंडाळून तळव्यांना लावली. गार झाली की परत भरून आणली. पाच वेळा जिने चढले उतरले. सगळ्या इस्पितळाला ऊब पुरवणारा माणूस, आणि ते दोन पाय काही केल्या गरम होईनात.

उंच नर्स त्या दिवशी त्याच वॉर्डात ड्यूटीवर होती. हसता हसता तिला ते आठवलं. "काका... सॉरी."

"तू कशाला सॉरी म्हणतेस? शब्द आहे तो," वाफकाका म्हणाले. "लिहून घे. परीक्षेत येईल."

परीक्षेच्या चार दिवस आधी बाईंनी खोटी मुलाखत घेतली. टेबलापलीकडे ताठ बसून त्यांनी विचारलं, "हाऊ ओल्ड आर यू?"

"नाइन्टीन इयर्स, सर."

नर्सनी टाळ्या पिटल्या. "काका, आमच्यापेक्षा लहान की हो तुम्ही!"

"बॉयलर एकोणीस वर्षांचा आहे," वाफकाका ओशाळून म्हणाले.

"बॉयलरला कोण विचारतंय?" बाई वैतागल्या. "हाऊ आर यू म्हटलं की तुम्ही प्रेशर सांगता. व्हेअर डू यू लिव्ह म्हटलं की बॉयलरची खोली दाखवता. नीट कान देऊन ऐका. बॉयलर म्हणजे इट. यू म्हणजे तुम्ही. यू आलं की प्रश्न तुमच्याबद्दल आहे. म्हणा."

"यू म्हणजे तुम्ही."

"तुम्ही नाही हो! तुमच्यासाठी यू म्हणजे मी!"

"यू म्हणजे मी," वाफकाका म्हणाले. चार दिवस ते तेवढंच घोकत होते. बॉयलर म्हणजे इट. यू म्हणजे मी.

परीक्षा सकाळी दहाला, वरच्या मजल्यावर होती. टेबलापलीकडे तिघं. मध्ये कंपनीची परदेशी इंजिनिअर, एका बाजूला कर्मचारी अधिकारी, दुसऱ्या बाजूला लिहून घेणारी मुलगी. वाफकाकांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि हात दोनदा साबणानं घासले होते, तरी नखांतलं काळं गेलं नव्हतं. त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"हाऊ लाँग हॅव यू वर्क्ड हिअर?"

यू. मी. "ट्वेन्टी सिक्स इयर्स, मॅडम."

इंजिनिअर हसली. पाण्याची पातळी खाली गेली तर काय करता, तिनं विचारलं. शब्द आपोआप आले. फर्स्ट स्टॉप फायर. देन चेक गेज ग्लास. नेव्हर पुट कोल्ड वॉटर इन हॉट बॉयलर. ती मान हलवत गेली. सेफ्टी व्हॉल्व्ह, ब्लोडाऊन, नोंदी. अधिकाऱ्यानं भुवया उंचावल्या. याला एवढं येत असेल असं त्याला वाटलं नसावं. वाफकाकांच्या पाठीतला ताठा थोडा सैल झाला. आपण राहणार, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

मग इंजिनिअरनं पेन खाली ठेवलं आणि मोकळेपणानं विचारलं, "व्हेन डिड यू लास्ट हॅव अ ब्रेकडाऊन? अँड हाऊ डिड यू हँडल इट?"

वाफकाका थांबले. यू. नीट ऐकलं होतं त्यांनी. व्हेन डिड यू. बॉयलर असता तर बाईंनी सांगितल्याप्रमाणे इट आलं असतं. आणि बॉयलरचा ब्रेकडाऊन त्यांना आठवणार तरी कसा? त्यांच्या पाळीत अकरा वर्षांत एकही झाला नव्हता. रजिस्टरातला तो रकाना अकरा वर्षं कोरा होता. त्यांना ठाऊक असलेला ब्रेकडाऊन एकच होता आणि तो ते कुणालाच बोलले नव्हते, पोटच्या पोरीलासुद्धा नाही. या मॅडमला कुणी सांगितलं? पण विचारलंय, तर खरं सांगायला हवं.

"सेव्हन मंथ्स बिफोर," ते म्हणाले. "इन बॉयलर हाऊस. माय वाइफ, शी वॉज इन थर्ड फ्लोर. वन मंथ. एव्हरी डे फोर ओ'क्लॉक शी टेल सिस्टर, फोन माय हजबंड. शी आस्क, टी टेकन? देन शी डाय. आय कम ऑन ड्यूटी थर्ड डे. फोर ओ'क्लॉक फोन रिंग."

लिहिणाऱ्या मुलीचा हात थांबला.

"अहो काका, त्या मशीनबद्दल..." अधिकारी हळूच म्हणाला. इंजिनिअरनं हात वर करून त्याला थांबवलं.

"आय टेक फोन. लॉन्ड्री फोन. ही से, स्टीम लो. आय से ओके. आय गिव्ह स्टीम. देन आय सिट डाउन ऑन फ्लोर अँड आय ब्रेक डाउन. फॉर्टी मिनिट्स." एवढ्या ओळींतलं इंग्रजी त्यांना कधी एकत्र जमलं नव्हतं. आता ते स्वतःच बाहेर येत होतं, त्यांना थांबवता येत नव्हतं. "हाऊ आय हँडल. आय क्राय, आय सी गेज. आय क्राय, आय सी गेज. प्रेशर नॉट गो डाउन, मॅडम. लॉन्ड्री गेट स्टीम. नोबडी नो."



"थँक यू," इंजिनिअर म्हणाली. तिचे डोळे भरले होते. ती खाली बघून बराच वेळ लिहीत राहिली.

"काका," अधिकारी आपल्या भाषेत म्हणाला, "त्यांनी बॉयलरचा ब्रेकडाऊन विचारला होता."

वाफकाकांनी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "बॉयलर? बॉयलर नो ब्रेकडाऊन, मॅडम! इलेव्हन इयर्स! इट... इट नो ब्रेकडाऊन!" पण ती उभी राहिली होती, हात पुढे करून. पुढचा उमेदवार दारात आला होता. तो सकाळपाळीवाला होता आणि त्याचे ओठ गाण्यासारखं काहीतरी पुटपुटत होते.

पत्र आठव्या दिवशी आलं. वाफकाकांनी ते फोडलं नाही, तसंच वर्गात नेलं. बाईंनी चष्मा लावला, नर्स भोवती गोळा झाल्या.

"इंग्रजी, दहापैकी आठ!" बाई ओरडल्याच.

काय आरडाओरडा झाला! बुटकीनं टेबल बडवलं. "काका, पार्टी! मला परदेशाच्या परीक्षेत साडेसहा पडले होते, साडेसहा!" वाफकाका उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. बाई पुढे वाचत होत्या. वाचता वाचता त्यांचा आवाज आत गेला आणि मग त्या नुसत्याच वाचायला लागल्या, मनात.

"काय आहे, बाई?"

"बसा."

"उभा आहे तो बराय. सांगा."

बाईंनी एकेक शब्द सांभाळून सांगितलं. बॉयलरवर एकट्यानं काम करावं लागतं. ड्यूटीवर असताना उमेदवार चाळीस मिनिटं खाली बसून होता, असं त्यानं स्वतः सांगितलं आहे. उमेदवाराच्या प्रामाणिकपणाची आम्ही कदर करतो. परंतु सुरक्षेच्या नियमानुसार एकट्याच्या जागेवर त्याला नेमता येत नाही. खाली क्वार्टर रिकामी करायची तारीख.

बाई म्हणाल्या, "माझं चुकलं. यू, यू करून मीच तुमच्या डोक्यात..."

"नाही, बाई."

"मी तो शब्द सांगायलाच नको होता."

"तुम्ही सांगितला नसता, तर मला ते कुणाला सांगताच आलं नसतं," वाफकाका म्हणाले. पत्राची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. घडी नीट बसेना, म्हणून परत उघडून घातली.

दुसऱ्या दिवशी ते अधिकाऱ्याकडे गेले. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणापुढे हात जोडले नव्हते, ते त्या दिवशी जोडले. "साहेब, गेजवरची नजर काढली नव्हती मी. लॉन्ड्रीला विचारा. रजिस्टर बघा. अकरा वर्षांत एक ब्रेकडाऊन दाखवा."

"अहो मग हेच सांगायचं होतं ना तिथं!" अधिकारी कळवळून म्हणाला. "मी थांबवत होतो तुम्हाला. आता लिहिलेलं पुसता येतं का?"

"परत परीक्षा घ्या. मी दुसरं सांगतो. जे म्हणाल ते सांगतो."

"काका..."

"बाकी कुठलंही काम द्या. झाडू मारतो. फक्त त्या दोन खोल्या..."

"त्या बॉयलरवाल्याच्याच आहेत, काका. माझ्या हातात असतं तर..."

वाफकाकांनी हात खाली घेतले. आपण काय काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं, आणि जिना उतरताना त्यांनी पहिल्यांदाच कठडा धरला.

महिनाअखेरीस स्टोअरकीपर यादी घेऊन आला. सामान सकाळीच टेम्पोत चढलं होतं, मुलगी पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती. रिकाम्या खोल्यांत स्टोअरकीपरचा आवाज घुमत होता. "पंखा एक. ट्यूब दोन. नळ दोन, गळतात का? नाही. कड्या तीन. खिडकीची काच शाबूत." तो एकेक खूण करत आतल्या खोलीत आला. "हा हुक कसला? यादीत नाही हा."

खिडकीच्या वरच्या बाजूला भिंतीत एक जाड हुक होता.

"मी बसवला होता," वाफकाका म्हणाले. "वॉर्डात नेण्याआधी दीड महिना घरीच सलाईन लावत होतो."

"मग राहू द्या की. नवीन राहणारा कॅलेंडर अडकवेल."

वाफकाका हुकाकडे बघत उभे राहिले. "नको," ते म्हणाले. त्यांनी टेम्पोच्या ड्रायव्हरकडून पक्कड मागून आणली आणि हुक सावकाश फिरवायला लागले. मजबूत बसवला होता, लवकर सुटेना. सुटला तेव्हा थोडी माती खाली पडली. लॉन्ड्रीत कामाला आलेल्या गवंड्याकडून त्यांनी मूठभर ओलं सिमेंट आणलं, अंगठ्यानं भोकात दाबून भरलं, वरून बोटानं सारखं केलं, कडेचं रुमालानं पुसून घेतलं. खाली पडलेली माती तळहातावर गोळा करून खिडकीबाहेर टाकली.

स्टोअरकीपरनं 'भिंती ठीक' असं लिहिलं. वाफकाकांनी सही केली.

"डाग दिसतोय अजून," स्टोअरकीपर भिंतीकडे बघत म्हणाला. "नवीन राहणारा उद्या येतोय."

"ओलं आहे म्हणून," वाफकाका म्हणाले. "तासाभरात वाळेल. वरून चुना मारला की कळायचंही नाही."